फेडलेली उचल

आज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले होते. कोणाच्या तरी मोबाईलवर हैतीची, त्या कॅरिबियन समुद्रातल्या देशाची, बातमी लागली होती. टोळ्या, गोळीबार, लेकरं कडेवर घेऊन पळणाऱ्या बाया. आमचे एक सहकारी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "या लोकांना राज्य करताच येत नाही. दोनशे वर्षं झाली स्वतंत्र होऊन, केलं काय यांनी?"

मला घास गिळेना. तेवढ्यात घंटा झाली, बोलायचं राहिलं. आता बोलते.

काय केलं? कर्ज फेडलं!

हैती तेव्हा फ्रान्सची वसाहत होती. १७९१ साली तिथल्या उसाच्या मळ्यातले गुलाम उठले. नेपोलियनच्या फौजेला हरवून १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाले. आणि १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने १४ युद्धनौका पाठवून सांगितलं, मान्यता हवी तर १५ कोटी फ्रँक टाका. कशाचे? मळेवाल्यांच्या नुकसानीचे. त्या नुकसानीत ही माणसंसुद्धा धरलेली! ज्यांच्या पाठीवर चाबूक ओढला, त्यांनीच चाबूकवाल्याला भरपाई द्यायची.

माझे आजोबा सालगडी होते. उचल घेतलेली ४० रुपये. पाडव्याला साल संपलं की मालक वही काढायचा, आणि त्यात खाल्लेली भाकरीसुद्धा मांडलेली असायची. तीन पाडवे गेले, उचल तेवढीच. शेवटी आजीने जोडवी विकली तेव्हा सुटका झाली.

हैतीचंही तेच. पहिल्या हप्त्यालाच पैसे नव्हते, म्हणून फ्रान्सच्याच बँकवाल्यांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. त्यांनी ६० लाख आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली, पण त्या हप्त्यांसाठी काढलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ते साल! शाळा, दवाखाने, रस्ते कशातून बांधायचे होते त्यांनी? अमेरिकेने तर १८६२ पर्यंत त्यांना देश म्हणून मान्यताही दिली नाही. आणि इंग्रजांनी १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करताना २ कोटी पौंड दिले, तेही मालकांना. गुलामांना दमडी नाही.

हो, द्युव्हालिए या हुकूमशहा बापलेकांनी १९५७ ते १९८६ हैती ओरबाडला, तेही त्यांचेच होते. मान्य. पण म्हणून आधीची सव्वाशे वर्षं पुसायची का?

आजोबांना गावात म्हणायचे, "तीन वर्षं राबला, एक शेळी नाही घेतली." आजी सांगताना या वाक्याला थांबायची. शेळी कुठून घेणार होते ते?

खरं तर आमचे ते सहकारी वाईट नाहीत. आई दवाखान्यात होती तेव्हा रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांना हे कोणी सांगितलंच नसेल. मी तरी कुठे सांगितलं? सतरा वर्षं फ्रेंच राज्यक्रांती शिकवते आहे, स्वातंत्र्य, समता, बंधुता फळ्यावर लिहून देते. त्याच क्रांतीच्या काळात, त्याच फ्रान्सच्या मळ्यात ज्यांनी हे शब्द खरे धरले, त्यांचं नाव एकदाही घेतलं नाही. त्या उठावाचा पुढारी तुसाँ लूव्हेर्त्यूर १८०३ मध्ये फ्रान्सच्या थंडगार किल्ल्यात कैदेत मेला. हे मी एकाही पोराला सांगितलेलं नाही.

आजीच्या पत्र्याच्या डबीत मालकाची चिठ्ठी अजून आहे. घडीवर फाटलेली. शाई उडाली आहे, पण 'बेबाक', म्हणजे सगळं फिटलं, एवढा शब्द वाचता येतो. उद्या नववीचा पहिलाच तास आहे. डबी पर्समध्ये ठेवली आहे.