बंदी घालायची तर घड्याळ बघून घाला

लहान मुलांच्या कार्यक्रमांत जंक फूडच्या जाहिराती बंद केल्या की झालं, असं पुष्कळांना वाटतं. साधा हिशोब करून बघा. समजा, एक कार्टून २ लाख लोक बघतात आणि त्यात ७० टक्के मुलं आहेत, म्हणजे १ लाख ४० हजार. रात्री आठचा गाण्यांचा शो बघतात ५० लाख. त्यात मुलं जेमतेम १२ टक्के, पण ती भरतात ६ लाख! नियम टक्क्यांवर बेतला की कार्टून अडकतं आणि शो सुटतो.

ब्रिटनमध्ये २००७ पासून असंच चाललं होतं. प्रेक्षकांतलं मुलांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाच्या १.२ पट किंवा जास्त असेल, तरच बंदी. घरदार एकत्र बसून बघतं ते बरंचसं मोकळंच राहिलं. अखेर जानेवारी २०२६ पासून पहाटे साडेपाच ते रात्री नऊ अशी वेळेची बंदी आली. चिलीही आधी मुलांच्या कार्यक्रमांपुरताच थांबला होता. २०१८ मध्ये त्यांनी सकाळी ६ ते रात्री १० असं करून टाकलं.

मग कंपन्या विचारतात, जंक ठरवणार कोण? ब्रिटनची गुणांची पद्धत चोख आहे. १०० ग्रॅममागे ऊर्जा, संपृक्त चरबी, साखर, सोडियम यांचे दोषगुण. फळं-भाज्या, तंतू (फायबर), प्रथिनं यांची वजावट. उरले ४ किंवा जास्त, तर जाहिरात नाही (पेयांना १ गुणही पुरतो). उदाहरणार्थ न्याहारीला दुधात घालून खायचं चॉकलेटी सिरियल: ऊर्जा १६०० किलोज्यूल, म्हणजे ४ गुण; संपृक्त चरबी दीड ग्रॅम, १ गुण; साखर २९ ग्रॅम, ६ गुण; सोडियम ३०० मिलिग्रॅम, ३ गुण. एकूण १४. तंतू ४ ग्रॅम असतील तर ४ वजा. उरले १०. आणि प्रथिनं? दोषगुण ११ झाले की प्रथिनांची वजावट सहसा मिळतच नाही, त्यामुळे दूध पावडर घालून साखर झाकता येत नाही. ही अट मला फार मोलाची वाटते.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला समोरचा आपल्याला काहीतरी विकतोय हेच नीट कळत नाही. खाऊच्या जाहिराती बघितल्यावर मुलं लगेच जास्त खातात, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. लठ्ठपणाची कारणं इतरही आहेत, मान्य. पण हे कारण एका नियमाने कमी करता येतं.

आपल्याकडे असा नियम लिहिताना नव्या ब्रिटिश नियमातलं एक भोक मात्र उचलू नका. तिथे पदार्थ ओळखू आला नाही तर नुसत्या ब्रँडची जाहिरात चालते. चार वर्षांचं पोर दोन सुरांवरून ब्रँड ओळखतं. लोगो, ट्यून, डब्यावरचा कार्टून प्राणी हे सगळं नियमाच्या मसुद्यात नावानिशी लिहा.