‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’: या मेसेजला मुद्देसूद उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘तोंडाच्या गाठीचा तुकडा काढू देऊ नका, चाकू लागना का कॅन्सर पसरस. मानेला काही नसतानाही डॉक्टर बिलासाठी मान चिरतात. चौथी स्टेज सांगितली तर पेशंटला घरी न्या, जबडा काढल्यावर माणूस जेवत नाही.’ तंबाखू-चुना, मशेरी आणि बंदी असूनही मिळणाऱ्या गुटख्याच्या या पट्ट्यात असा मेसेज जीव घेऊ शकतो.

आधी तुकडा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेच्या कडेचा, जागा बधिर करून, काही मिलिमीटरचा तुकडा घेतात. कडेचाच, कारण मधोमध बऱ्याचदा मेलेलं मांस असतं आणि ‘काही नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. पुढच्या ऑपरेशनात ती जागा भोवतालच्या निरोगी भागासकट निघते. मानेतल्या गाठीतून बारीक सुईने पेशी घेतात. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजणं अतिशय विरळ. बिघडतं ते दुसऱ्याच कारणाने: निदान नसताना कुणी मानेची गाठ तेवढीच कापून काढतं, किंवा गालातली जखम अर्धवट ‘साफ’ करतं. मग मूळ आजार कुठवर होता हेच कळेनासं होतं.

तरी ‘ऑपरेशन झालं आणि स्टेज वाढली’ असं घरोघर ऐकू येतं. त्याचं कारण साधं आहे: स्टेज दोनदा ठरते. पहिल्यांदा हाताने तपासून आणि स्कॅनवरून. गालाच्या आजारात पेशंटला गाल फुगवून धरायला सांगून सीटी काढतात, जिभेसाठी एमआरआय बरा. दुसऱ्यांदा, काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. गाठ 2 सेंटिमीटरची, पण आत 5 मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली असेल, तर ती टी1 (मूळ गाठीच्या मापाची पहिली पायरी) राहत नाही, टी2 होते. स्कॅनमध्ये न दिसलेली बारीकशी लागण मानेच्या एका गाठीत (लसिका ग्रंथीत; अशा बारीक गाठी प्रत्येकाच्या मानेत असतात) सापडली, तर दुसरी स्टेज किमान तिसरी होते. आजार आधीपासून तेवढाच होता, तो आता मोजला गेला. ‘मोजला गेला’ याला ‘पसरला’ समजणं, हीच आम्हाला या मेसेजमधली सर्वांत घातक चूक वाटते.

मानेचा मुद्दाही इथूनच सुटतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये सुरुवातीच्या स्टेजच्या, मानेत हाताला गाठ न लागणाऱ्या पेशंटांचे दोन गट केले. एकात तोंडाबरोबरच मानेच्या गाठी काढल्या, दुसऱ्यात गाठ आली तरच काढल्या. 2015 साली निकाल प्रसिद्ध झाला: तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के जिवंत, दुसऱ्यात 67.5 टक्के. अशा पेशंटमध्ये साधारणपणे जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या-मधल्या, म्हणजे पहिल्या ते तिसऱ्या पातळीच्या गाठी काढतात. खांदा उचलणारी नस जपतात. ती दुखावली तर हात वर करताना त्रास होतो, म्हणून खांद्याचे व्यायाम लवकर सुरू करायचे.

‘चौथी स्टेज म्हणजे संपलं’ हेही चूक. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आजार जबड्याच्या हाडात किंवा गालाच्या बाहेरच्या कातडीत शिरला, की फुफ्फुस स्वच्छ असलं तरी 4ए (चौथ्या स्टेजचाच पहिला टप्पा) लिहितात. त्यातल्या बऱ्याच जणांचं ऑपरेशन बरं करण्याच्या हेतूनेच होतं. सर्व बाजूंनी साधारण 1 सेंटिमीटर निरोगी भाग सोबत काढतात, कारण रिपोर्टमध्ये कडेला किमान 5 मिलिमीटर मोकळे हवेत. कड मोकळी नसेल, किंवा मानेच्या गाठीचं आवरण फोडून आजार बाहेर आला असेल, तर शेकासोबत (म्हणजे रेडिएशनसोबत) केमोही लागते. शेक ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. दोन-तीन महिने जडीबुटीत घालवले तर फायदा घटतो. खराब दात शेकाआधीच काढा. शेकलेल्या जबड्यातला दात नंतर काढला, तर हाड कुजण्याची भीती असते.

जबडा प्रत्येकाचा पूर्ण जात नाही. हाडाला आजार नुसता टेकला असेल, तर कड तासून खालचं हाड अखंड ठेवता येतं. तुकडा काढावाच लागला, तर पायातलं बारीक हाड आणून जबडा बांधतात. आधी नळीने, मग पातळ पेज, मग मऊ भात-वरण, असं जेवण बहुतेकांचं परत येतं. तोंड उघडण्याचे व्यायाम मात्र सोडायचे नाहीत.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आहेत. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच भेटीला न्या. मुंबईला जाणार असाल, तर कागदी रिपोर्टवर भागत नाही: जिथे बायोप्सी (तुकड्याची तपासणी) झाली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, नाहीतर तिथे तुकडा पुन्हा काढावा लागू शकतो.