बासष्ट, नेहरू आणि ‘विषय संपला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सह्यकडा’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकांनी बासष्टच्या भारत-चीन युद्धावरच्या माझ्या लेखाला प्रतिक्रिया दिली आहे. त्या लेखात मी युद्धाची कारणं व्यक्ती, राष्ट्र आणि जागतिक व्यवस्था अशा तीन स्तरांवर शोधली होती. ते म्हणतात: ‘एसीत बसून जवानांच्या मरणाचे कप्पे पाडायला काय जातं? व्यक्ती, राष्ट्र, जागतिक व्यवस्था हे स्तर परीक्षेपुरते. नेहरू चुकले, विषय संपला.’ खाली तिबेट, माओ आणि माझ्या लेखातली नावांची गर्दी यांवरही बरंच काही आहे.

गर्दीचं मान्य. वॉल्ट्झ आणि सिंगर, म्हणजे हे स्तर मांडणारे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक, एकाच परिच्छेदात कोंबायला नको होते. पण एसी?

आमच्या घरात एसी नाही, हे माहितीसाठी. माझे सख्खे काका तेव्हा नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, लढायला होते. ओसरीवर बसले की बोलायचे ते बुटांबद्दल. अंगात सुती कपडे, पायात कापडी बूट, आणि समोर थाग लाचा डोंगर. नेहरूंना ते शिव्या द्यायचे, नाही असं नाही. पण बूट का पोचले नाहीत, याचं उत्तर त्यांनी कधी एका माणसाच्या स्वभावात शोधलं नाही. तेव्हा जवानांच्या वतीनं बोलायचा मक्ता तुम्हाला कोणी दिला, तेवढं कळवा. कप्पे पाडणं म्हणजे मेलेल्यांचा अपमान, हे तर मला अजिबात पटत नाही. का मेले, हे नीट विचारायचंच नाही का?

आता ‘विषय संपला’. नेहरू चुकले हे माझ्याच लेखात आहे. पुढे वाचलं असतंत तर दिसलं असतं. नोव्हेंबर १९६१ मध्ये फॉरवर्ड पॉलिसी, म्हणजे वादग्रस्त सीमेवर पुढे पुढे चौक्या उभारायचं धोरण, ठरली तेव्हा खुर्चीत तेच होते. पण राष्ट्राच्या स्तरावर बघा: १९५९ मध्ये चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका निघाल्यावर लोकसभेत जे रान पेटलं, त्यानंतर एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन लाय सीमेच्या बोलणीसाठी दिल्लीला आले तेव्हा तडजोडीला जागा किती उरली होती?

आणि जागतिक व्यवस्थेच्या स्तरावर मॉस्को? हल्ला २० ऑक्टोबरचा. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी झालेला पेच त्याच दिवसांतला. एरवी सोव्हिएतचं चीनशी फाटलेलं, तरी २५ ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’नं, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रानं, चीनच्या वाटाघाटींच्या प्रस्तावाची तळी उचलली. क्युबाचं निवळल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोच सूर बदलला. हा झोका नेहरूंच्या स्वभावातून काढून दाखवा, मी लेख मागे घेतो.

युद्धानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले, यशवंतराव चव्हाण आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, याचा अभिमान मलाही आहे. टोपणनावावरून तुम्हालाही असावा. पण माणूस बदलून भागलं असतं, तर १९६४ मध्ये त्यांना शस्त्रांसाठी वॉशिंग्टन आणि मॉस्को दोन्हीकडे जावं लागलं नसतं.

तिबेटबद्दल तुम्ही लिहिलंय त्यात नवं काही नाही, सोडून देतो. माओंवर पुढचा लेख येतोय, चीनमधल्या दुष्काळासकट. तिथेही एकटे माओ पुरणार नाहीत. प्रतिक्रिया आधीच लिहून ठेवायची असेल तर खुशाल ठेवा.