यंदा सत्कार नव्हता, उपकारस्तुती होती

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वर्धापनदिन नुकताच झाला. पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून, मुंबईहून लेकी-सुना-नातवंडं आली होती. तशी ती दरवर्षीच येतात. पण यंदा वडीलमंडळींनी आधीच ठरवलं होतं की शाल-श्रीफळ द्यायचं नाही, हार घालायचे नाहीत, पाहुण्यांची भाषणं ठेवायची नाहीत. त्या वेळात प्रत्येक घरातल्या एकाने उभं राहून देवाने आपल्या घराला कसं सांभाळलं ते सांगायचं, म्हणजे उपकारस्तुती करायची, देवाचे आभार मानायचे. काही जण नाराज झाले. ज्यांनी छपराला पैसे दिले, ज्यांनी आयुष्यभर दर रविवारी पेटी वाजवली, त्यांचं नाव तरी घ्यायचं की नाही, असं त्यांचं म्हणणं. ही नाराजी समजण्यासारखी आहे. मला मात्र हा निर्णय मनापासून पटला. का पटला ते जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी आमच्या आळीतल्या एक आत्या उठल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या लग्न होऊन नुकत्याच गावात आल्या होत्या. नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. रेशनवर लाल मिलो मिळायची, पोरांना सुकडी. मिलोची भाकरी थापताना हातातच तुटायची, म्हणाल्या. त्या वर्षी कोणाकडे अर्पणाला पैसे नव्हते, तर बाया पदराच्या गाठीत मूठभर मिलो बांधून आणायच्या आणि अर्पणाच्या वेळी पुढे नेऊन ओतायच्या. उपासना झाली की ते धान्य एका विधवेच्या घरी जायचं. मग आत्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "उपाशी निजलो, खोटं का सांगू? पण देवानं सोडलं नाही." एवढं बोलून खाली बसल्या.

हे वाक्य मी डोक्यातून काढू शकत नाहीये. आपण साक्ष देतो तेव्हा बहुतेकदा मिळालेल्या गोष्टी सांगतो. नोकरी लागली, आजार बरा झाला, मुलीचं जमलं. त्या सांगायलाच हव्यात. पण ज्या दिवशी काहीच मिळालं नाही, त्या दिवशीही देव सोबत होता, हे सांगायला फार मोठा विश्वास लागतो. आत्यांनी ते सहज सांगितलं.

त्यांच्यानंतर एक तरुण मुलगी उठली. करोनाच्या काळात तिचे वडील गेले. ते दिवस आठवा. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली, १२ एप्रिलचा ईस्टर प्रत्येकाने आपापल्या घरात केला. १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी दारं उघडली, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, ती थेट ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. मधल्या काळात ज्यांच्या घरी मरण आलं त्यांना मंडळी भेटायलाही येऊ शकली नाही. दफनाच्या वेळी गीत म्हणायला कोणी नव्हतं, पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, एकट्याने म्हटलं, असं ती म्हणाली. ते बेसूर झालं, पण अर्धवट सोडलं नाही. तिने त्याबद्दल देवाची उपकारस्तुती केली. मागच्या बाकांवर किती तरी बाया डोळे पुसत होत्या.

वर्धापनदिनाच्या पत्रिकेवर आपण नेहमी बायबलमधलं, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं सातव्या अध्यायातलं वचन छापतो, "येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे." शमुवेलाने मिस्पा आणि शेन यांच्या मध्ये एक धोंडा उभा केला आणि त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असं नाव दिलं. पण त्याच पुस्तकाचा चौथा अध्याय उघडून बघा. तिथेही एबन-एजर हेच नाव येतं, आणि तिथे इस्राएलाचा दारुण पराभव झालेला आहे. पहिल्या लढाईत चार हजार माणसं पडली, दुसऱ्या लढाईत तीस हजार. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, शत्रूने, पलिष्ट्यांनी, नेला. कोश परत आला तरी पुढची वीस वर्षं तो किर्याथ-यारीमात राहिला आणि लोक शोक करत राहिले. शमुवेलाने विजयाच्या दिवशी धोंडा उभारला खरा, पण त्याला नाव दिलं ते लोकांना पराभवाची आठवण करून देणारं. मला वाटतं हे त्याने जाणूनबुजून केलं. "येथवर" म्हणताना त्या वीस वर्षांना वगळून चालणार नाही, हे त्याला माहीत होतं.

आपल्या नगरच्या मंडळ्यांचा इतिहासही असाच वाचायला हवा. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. कित्येक वर्षं हाती काहीच लागलं नाही. १८२६ मध्ये मिशनचा मराठी नवा करार मुंबईत छापून झाला, आणि त्याच वर्षी हॉल नाशिककडून परतताना वाटेत पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेले. डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी नगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. सहा महिनेही झाले नाहीत तोच हर्वी पटकीने वारले. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबाजीही त्याच रोगाने गेले. त्या मंडळीच्या सुरुवातीच्या सभासदांत कोण होतं? शहरातल्या गरिबांच्या आश्रयगृहातली आंधळी-पांगळी माणसं. त्या दिवशी कोणी हिशेब मांडला असता तर ही मंडळी फार दिवस टिकेल असं कोणीच म्हटलं नसतं.

अमेरिकन मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार बाईंचं उदाहरण मला याच कारणासाठी फार जवळचं वाटतं. लग्न न करता, घरदार सोडून त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या. १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच गेल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते फरारबाईंच्या नगरच्या शाळेत. त्या एका विद्यार्थिनीमुळे पुढे महाराष्ट्रात काय घडणार आहे, हे फरारबाईंना कुठे ठाऊक होतं? त्यांनी फक्त उद्याचा धडा तयार केला असेल. देवाचं विश्वासूपण पुष्कळदा असं मागे वळून बघितल्यावरच दिसतं, आणि तेही पुढच्या पिढीला. म्हणूनच पुढच्या पिढीने ते मोठ्याने सांगायचं असतं.

आता माझ्या घराचं सांगते.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची टोपली आणायची रीत सांगितली आहे. शेतकऱ्याने टोपली याजकाच्या हाती द्यायची आणि नुसते आभार मानून परत यायचं नाही. त्याने उभं राहून आपल्या घराण्याची कथा सांगायची: आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात थोड्या माणसांनिशी गेला, तिथे आम्हांला छळलं, आम्ही ओरडलो, परमेश्वराने आमचं ऐकलं. सांगणारा माणूस मिसरात कधी गेलेला नाही, तरी तो "आम्ही" म्हणतो. हे वाचलं की मला माझी टोपली आठवते. माझा पणजा वेसकर होता. रात्रभर गावची वेस राखायचा आणि सकाळी भाकरी मागायला त्याच वेशीतून आत जाताना सावली कुणावर पडू नये म्हणून अंग चोरायचा. त्याच्या पोराला मिशनच्या शाळेत बसायला जागा मिळाली. तो पोरगा मास्तर झाला. त्याच्या सुनेने, म्हणजे माझ्या आईने, मला कॉलेजात पाठवलं. हे सगळं आमच्या हुशारीने झालं असं मी म्हणाले तर ती माझी कृतघ्नता ठरेल. मी "आम्ही ओरडलो आणि परमेश्वराने ऐकलं" असंच म्हणणार.

यासाठी किंमतही मोजावी लागली, तीही लपवू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या आमच्यासारख्या घरांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. पुढे शीख आणि बौद्ध बांधवांचा समावेश झाला, आपला नाही. कितीतरी घरांत यावरून रात्री-रात्री वाद झाले असतील. तरीही जी माणसं दर रविवारी बाकावर येऊन बसत राहिली, त्यांच्यामुळे आज वर्धापनदिन आहे. त्यांची नावं कोणत्याही कोनशिलेवर नाहीत.

१८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरला पाळक म्हणून दीक्षा मिळाली. दोघेही ब्राह्मण कुळातले, आणि मंडळीतले बरेच सभासद महार समाजातून आलेले. एका मेजाभोवती प्रभुभोजन. १८५४ साली, नगरमध्ये! आजही लग्न जमवताना आपल्यात कोण कुठल्या मूळचं हे हळूच विचारलं जातं, याचं मला फार दुःख होतं. त्या मेजाची आठवण वर्धापनदिनाला जरूर काढावी.

आता सत्काराच्या प्रश्नाकडे येते. ज्यांनी काम केलं त्यांचे आभार मानायचेच नाहीत का? मानायचे. पण प्रेषित पौल आपल्या पत्रांत कसे मानतो बघा. फिलिप्पैकरांना लिहिताना तो म्हणतो की तुमची आठवण होते तेव्हा मी माझ्या देवाची उपकारस्तुती करतो. माणसांची नावं तो भरपूर घेतो, रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तर मोठी यादीच आहे, फिबी, प्रिस्का, अक्विला, मरिया. त्यातल्या बऱ्याच जणांचं काम सांगतो. पण ती माणसं मंडळीला मिळाली म्हणून धन्यवाद देवाला जातो. आमच्याकडे यंदा हेच झालं. पेटी वाजवणाऱ्या काकांचं नाव चार-पाच घरांनी घेतलं. कोणी म्हणालं, माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत ते रोज संध्याकाळी घरी येऊन एक गीत वाजवून जायचे. काकांना शाल मिळाली नाही. पण त्यांनी केलेलं काय कोणाच्या किती कामी आलं, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं. ते रडत होते.

आणि एक गोष्ट झाली जी पत्रिकेत नव्हती. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत दुफळी झाली होती. दोन गट, उपासनेच्या दोन वेळा, मिळकतीवरून कोर्टकचेरी, सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं. ते मिटलं, पण त्यावर चारचौघांत कोणी बोलत नसे. यंदा त्या वेळच्या एका गटातले पुढारी उठले आणि म्हणाले, "आपण भांडत होतो तेव्हाही दर रविवारी या चर्चची घंटा वाजली. ती वाजवणारा माणूस आपल्या दोघांच्याही गटात नव्हता." समोरच्या बाकावरून दुसऱ्या गटातले गृहस्थ उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. पौलाने तीमथ्याला लिहिलंय की आपण अविश्वासी झालो तरी तो विश्वसनीय राहतो, कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. हे वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. ते घडताना मी या रविवारी पाहिलं. हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात ते दोघे असे उठले असते असं मला वाटत नाही.

एक भीती मात्र आहे. जुनी माणसं भराभर चाललीत. मिलोची गोष्ट सांगणारी पिढी आणखी किती वर्षं असेल? २०३३ मध्ये नगरच्या पहिल्या मंडळीला दोनशे वर्षं होतील. तेव्हा मोठे सोहळे होतील, व्हायलाच हवेत. पण मंडपाची चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येक मंडळीने आपल्या वृद्धांच्या साक्षी लिहून घ्याव्यात, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. बाप्तिस्म्याची, लग्नाची, दफनाची जुनी रजिस्टरं कपाटात वाळवी खात पडली असतील तर ती बाहेर काढावीत, पानापानाचे फोटो काढून ठेवावेत. आमच्या तरुण संघाने हे काम अंगावर घेतलंय. रजिस्टरातलं जुनं अक्षर लावायला त्यांना अडचण येते, म्हणून निवृत्त झालेले दोन गुरुजी रविवारी उपासनेनंतर त्यांच्याबरोबर बसतात.

तुमच्या घरात, शेजारात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. देवाने कठीण काळात कसं सांभाळलं ते विचारा, मोबाइलवर आवाज टेपून घ्या, आणि लिहून काढून मंडळीच्या सेक्रेटरींकडे एक प्रत द्या. त्यातलं थोडं इथेही लिहा, मी एकेक करून सगळं वाचणार आहे.