दहा वर्षांत देश उभा करायचाय? मग हे करा

गेल्या आठवड्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्त्यांनी पडद्यावर सोविएत पोलाद-उत्पादनाचा आलेख दाखवला, सरळ आभाळात घुसलेला. मी विचारलं, "तेव्हा लोक खात काय होते?" उत्तर आलं, "मोठं काम म्हटलं की थोडं सोसावं लागतं." वर टाळ्या! तेव्हा घाईत असलेल्यांसाठी चार सूचना.

आधी आकडा ठरवा. झेपेल असा नको. सोविएत संघाच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत बिडाचं, म्हणजे कच्च्या लोखंडाचं, उद्दिष्ट १ कोटी टन होतं, ते मध्येच १ कोटी ७० लाख केलं. १९३२ साली निघालं ६२ लाखांच्या आसपास. बिघडलं काय? योजना सव्वाचार वर्षांत पार पडली म्हणून जाहीर करा.

पोलाद कमी पडतंय? घरोघरच्या कढया वितळवा. चीनने १९५८ साली केलं.

चिमण्या दाणे खातात, त्या मारा. मग किडे पीक खातील. तेव्हा शत्रूंच्या यादीत चिमणी खोडून ढेकूण लिहा. (हेही चीनच. विनोद नाही.)

आता यंत्रं. ती परदेशातून येतात, त्याला परकीय चलन लागतं, आणि शेतकऱ्याकडे धान्य असतंच. ते उचला. सोविएत संघाने १९३१ साली जवळपास ५० लाख टन बाहेर विकलं. युक्रेनात, कझाकस्तानात माणसं मरायला लागली तरी जहाजं भरत राहा. सामूहिक शेतातला सरवा कुणी वेचला तर तोही चोर; १९३२ च्या कायद्यात गोळी, नाहीतर दहा वर्षं कैद्यांची छावणी. सरवा! कापणीनंतर मातीत पडलेली कणसं! ती उचलणारी बाई देशाची शत्रू, आणि तिच्या ताटातला घास विकून आणलेलं यंत्र म्हणजे प्रगती. पुढे १९३७ साली जनगणना केली, तर माणसं अपेक्षेपेक्षा लाखोंनी कमी भरली. मग जनगणनाच दडपली आणि मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडलं. काहींना गोळ्या घातल्या.

जाऊ द्या, सूचना पुरे. कारखाने उभे राहिले, मॅग्निटोगोर्स्क हे पोलादाचं शहर उभं राहिलं, मी नाही कुठे म्हणतो? पण "थोडं"? लाखो माणसं म्हणजे थोडं? आणि सोसलं कुणी, तुम्ही? तुम्ही वातानुकूलित सभागृहात बसून टाळ्या वाजवल्यात. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर उभं राहून. निदान पुढच्या वेळी त्या आलेखाशेजारी मेलेल्यांचाही काढा, त्याच मापात, आणि मग वाजवा.