बाबा, आता कशालाही हात लावू नका

नागपूर सोडून तुम्ही पुण्यात नोकरीला लागलात की घरच्या कॉम्प्युटरची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. तुम्ही पूल बांधत असा नाहीतर औषधं विकत असा, पोट्टा दिवसभर लॅपटॉपसमोर बसतो एवढी पात्रता त्रिमूर्तीनगरात पुरते. तेव्हा ही सेवा कशी द्यायची ते नीट शिकून घ्या.

फोन उचलताक्षणी चिडा. "काय झालं?" असं विचारू नका, "आता काय करून ठेवलंत?" असं विचारा. गुन्हा आधीच सिद्ध झाला की तपास सोपा जातो. तिकडून उत्तर येईल, "मी काहीच नाही केलं रे, ते आपोआपच होऊन राहिलं." आमच्या घरात हा 'आपोआप' बरीच वर्षं मुक्कामाला आहे. एकदा त्याने बाबांचा स्क्रीनच उलटा केला. स्क्रीन चालवणारं ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर जुनं असलं, तर काही मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकदम दाबले की तसं होतं. मी मीटिंगमध्ये होतो, म्हणून बाबांनी मॉनिटर उशीला टेकवून उलटा केला आणि दोन दिवस निवांत पेपर वाचला.

मग रोगनिदान. "पंखा फिरतोय का?" विचारा.

"कोणता? वरचा की कूलरचा?"

मे महिन्यात हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक डेस्कटॉपच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, आणि नागपूरचा पारा ४५ च्या वर जाऊन बसतो. गरम झालेला प्रोसेसर जीव वाचवायला आधी मंदावतो, मग मशीनच बंद होतं. आमचं मशीन दुपारी एक ते चार झोपतं. घरातला सगळ्यात अस्सल नागपूरकर तोच. आईला त्याची दया आली आणि तिने त्याला कूलरसमोर आणून बसवलं. ओल्या ताटीची दमट हवा थेट सीपीयूच्या पोटात! यावर शांतपणे समजावून सांगता येतं, पण मग तुमची किंमत काय राहिली? ओरडा.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवू देणारं ॲप, उघडायला सांगा आणि त्यावरचा नंबर विचारा. बाबांची हयात हिशेब खात्यात गेलेली, ते आकडे जोडीने वाचतात. "एकोणसत्तर, एकोणनव्वद, एकोणऐंशी..." तुमचं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, आणि त्या शाळेची फी बाबांनीच भरली होती, हे इथे आठवू देऊ नका. "सुट्टे सुट्टे सांगा ना!" असं खेकसा.

जोडणी झाली की हुकूम सोडा: बाबा, आता कशालाही हात लावू नका. बाबा खरोखर हात मांडीवर ठेवून बसतात. पण कॉम्प्युटरमध्ये मोठा बदल करायचा झाला की विंडोज परवानगी मागतं, आणि ती खिडकी मुद्दाम वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर उघडते. दूरवरच्या तुम्हाला तेव्हा बहुतेक वेळा नुसता काळोख दिसतो. तिकडे बाबांपुढे 'येस' आणि 'नो' उभे. हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगितलेलं. पाच मिनिटं दोन्हीकडे शांतता. शेवटी धीर करून ते 'नो' दाबतात. कोणाला न विचारता 'हो' म्हणणारा माणूस हिशेब खात्यात टिकतो का?

फॉन्टच्या भानगडीत तर पडूच नका. बाबा सोसायटीचे सचिव. नोटीस शिवाजी फॉन्टमध्ये टंकतात आणि समोरच्यांच्या मशीनवर ती इंग्रजी शिव्यांसारखी उमटते. या जुन्या फॉन्टांच्या आत रोमन अक्षरंच असतात, वर नुसतं मराठी सोंग. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक यादीत आहे, असं तुच्छतेने सांगा. तुम्ही स्वतः आईला 'जेवलीस का' हे इंग्रजी अक्षरांत पाठवता, तो विषय काढायचा नाही.

विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा "नवीन घेऊन टाका" म्हणून मोकळे व्हा. पैसे कोण देणार, ते संदिग्ध ठेवा.

अशी आठ वर्षं मी बाबांना तयार केलं: ॲप उघडा, नंबर वाचा, येस दाबा, हात बाजूला, प्रश्न विचारू नका. नेमक्या याच रीतीने लुबाडणूक होते म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. मी त्या लुबाडणुकीची तालीम घरीच, फुकट घेत होतो.

दिवाळीनंतर बाबांना फोन आला. बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलंय, ॲप उघडून नंबर सांगा. बाबांनी सवयीने सुरुवात केली, "एकोणसत्तर..."

पलीकडचा म्हणाला, "सावकाश सांगा काका, काही घाई नाही."

बाबांनी फोन ठेवून दिला. रात्री मला सांगत होते, "इतक्या गोडीनं कॉम्प्युटरचं काम कोणी सांगते का? मला तिथंच शंका आली."

माझ्या पोटात गोळा आला. "पण तुम्ही नंबर वाचायलाच कशाला घेतला? हजारदा सांगितलं ना तुम्हाला!" मी ओरडलो.

"हे पाय," बाबा आईला म्हणाले, "हा खरा आहे."