लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर

सहावा महिना लागला आणि कंबरेने असा असहकार पुकारला की खाली पडलेली वस्तू मी त्या वस्तूच्या नशिबावर सोडून द्यायला लागले. दोन कानातली, एक पेन आणि गॅसचं पुस्तक तेव्हा आमच्या फरशीवर मुक्कामाला होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वार जागेवर, बीपी ठीक, रक्तस्राव नाही. म्हणाल्या, "आठवड्याला 150 मिनिटं हालचाल हवी. चाला, नाहीतर पिलाटीज करा." कोथरूडच्या फुटपाथवर स्कूटर चालतात, माणसांना जागा मिळत नाही. म्हणून पिलाटीज.

"पिलाटीज?" सासूबाई म्हणाल्या. "पिलावळीचंच काहीतरी असणार."

पिलावळीचा संबंध नाही. जोसेफ पिलाटीस नावाच्या जर्मन माणसाचा हा व्यायामाचा उद्योग, जन्म 1883. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला शत्रूचा नागरिक म्हणून आयल ऑफ मॅनच्या छावणीत डांबलं, तर तिथे तो इतर कैद्यांना व्यायाम शिकवत बसला. बिचारे पळणार तरी कुठे! पहिल्या दिवशी क्लासमध्ये मला त्या कैद्यांची फार आठवण आली.

शिकवणारी मुलगी पंचविशीची, पोट पाठीला चिकटलेलं.

"मॅम, पोट थोडं आत घ्या."

"आत माणूस आहे."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग मला एका मोठ्या रबरी चेंडूवर बसवलं. खोलीत माझ्याहून गोल कोणीतरी आहे हे बघून बरं वाटलं, पण तो माझ्याखालून निसटायला बघत होता. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक सांध्यांचे बंध सैल करायला मदत करतं. बाळाला वाट हवी म्हणून ही तयारी. फक्त ते सरसकट सगळ्यांनाच सूट देऊन टाकतं. म्हणून या दिवसांत ताण देऊन लवचीकपणा दाखवायचा नाही, आधार देणारे स्नायू कमवायचे. मला लवचीकपणा दाखवायचा मोह कधीच नव्हता, त्यामुळे हा नियम मी निष्ठेने पाळला.

आडवं होऊन सुटका करून घ्यावी, तर तेही नाही. या महिन्यांत फार वेळ उताणं पडलं की गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो. म्हणून कुशीवर, नाहीतर चार पायांवर. चार पायांवर मी खूप नाराजीने गेले. पण पोट झोळीसारखं खाली सुटलं आणि कंबरेवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. नेमका तेव्हाच नवरा मला न्यायला आला आणि काचेतून बघून घाबरून परत पार्किंगमध्ये गेला.

खरी परीक्षा पुढे होती. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी रोखताना आपण आवळतो ते. ते हळूहळू वर ओढायचे.

"समजा, लिफ्ट आहे. दारं बंद. पहिला मजला, दुसरा, तिसरा... थांबा. श्वास चालू ठेवा. आता सावकाश खाली."

आमच्या सोसायटीची लिफ्ट महिन्यातून दोनदा अडकते. माझीही पहिल्या मजल्यालाच अडकली. वर गेल्या त्या फक्त भुवया. आणि ती मुलगी म्हणे, वर नेण्याइतकंच सावकाश सोडणंही शिकायचं, बाळंतपणात तेच उपयोगी पडतं. आता या व्यायामाची पंचाईत अशी की बाहेरून काहीच दिसत नाही. घरी मी सोफ्यावर भिंतीकडे एकटक बघत बसायचे.

"महिन्याला अडीच हजार भरून तू बसायला शिकतेस?" सासूबाईंनी विचारलं.

आठव्या महिन्यापर्यंत रात्री कूस बदलायला नवऱ्याला उठवावं लागेनासं झालं. गॅसचं पुस्तक मी स्वतः उचललं. पण खरा चमत्कार स्वयंपाकघरात झाला. मिरचीची फोडणी घशात गेली आणि मला ओळीने पाच शिंका आल्या. एरवी दुसऱ्या शिंकेला मी पाय आवळून बाथरूम गाठायचे. त्या दिवशी लिफ्ट वर घेतली, शिंकले आणि पोळी उलटली.

सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. दार लोटलं.

"ती लिफ्ट... मलाही सांग गं." आवाज अगदी खाली. "दोन बाळंतपणं झालीत माझी. तेव्हापासून शिंकायचं काय, हसायचीसुद्धा धास्ती."

लग्नाला चार वर्षं झाली, माझ्या एकाही विनोदावर ही बाई हसली नव्हती. मी स्वभावाला दोष देत होते.

तेव्हापासून दुपारी कुकर लावला की आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहतो. एकदा नवरा पाणी प्यायला आला. आमचे चेहरे बघून दारातच थबकला.

"काय झालं? भांडलात का?"

"थांब रे जरा," सासूबाई म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर आहोत."